‘पार्डन’ म्हटलं तर बिघडलं कुठं?

मागच्या अंकात विचारलं होतं की परदेशात, खास करून इंग्लंडात, आपलं शाळेतलं इंग्रजी कुठं अडखळतं ते कळवा. पत्रं आली ती बरीचशी मुलांकडे राहून आलेल्या आईवडलांची, थोडी शिकायला गेलेल्या पोरांची आणि दोनतीन ऑफिसातली. ग्रामर कुणालाच अडलेलं नाहीये बरं का, अडलंय ते सगळं कुठला शब्द कुणापुढं टाकायचा यात. निवडक पत्रं घेतलीत, काही छाटून.

ताई, मुलगा-सून रेडिंगला असतात, उन्हाळ्यात जाऊन आले. नातीच्या मैत्रिणीची आजी काहीतरी बोलली, मला नीट ऐकू आलं नाही म्हणून मी "पार्डन?" म्हटलं. घरी आल्यावर सून म्हणाली, आई, इथं पार्डन नका म्हणू, ते जरा तसं वाटतं. अहो आम्हाला शाळेत सिस्टरनी पार्डनच शिकवलं, नुसतं "व्हॉट?" म्हटलं की हातावर पट्टी बसायची. तसं म्हणजे कसं?
— एक आजी, कोथरूड

आजी, सुनेनं ऐकलंय ते बरोबर आहे पण अर्धं आहे. 1954 साली बर्मिंगहॅम विद्यापीठातले भाषेचे प्राध्यापक अ‍ॅलन रॉस यांनी एक लेख लिहिला, तोही हेलसिंकीहून निघणाऱ्या एका अभ्यासू नियतकालिकात. त्यांचं म्हणणं साधारण असं की इंग्लंडातल्या वरच्या वर्गाकडे आता इतरांपेक्षा जास्त पैसा नाही, जास्त शिक्षण नाही, ते जास्त स्वच्छही नाहीत, तेव्हा हा वर्ग ओळखायचा तर फक्त बोलण्यावरून. मग त्यांनी शब्दांचे दोन गट पाडले, यू आणि नॉन-यू, यू म्हणजे अप्पर क्लास. पुढच्याच वर्षी नॅन्सी मिटफर्ड या लेखिकेनं, जी स्वतः एका बॅरनची म्हणजे उमरावाची मुलगी, हे सगळं ‘एन्काउंटर’ मासिकातल्या आपल्या लेखात घेतलं आणि मग जे व्हायचं तेच झालं, जो तो आपापल्या घरातले शब्द तपासायला लागला.

त्या यादीत तुमचं पार्डन नॉन-यू. मग यू काय, तर "व्हॉट?" हो, ज्याला पट्टी बसायची तेच. नॅपकिन यू, सर्व्हिएट नॉन-यू. लू किंवा लॅव्हटरी यू, टॉयलेट नॉन-यू. जेवणानंतरच्या गोडाला पुडिंग म्हणायचं, स्वीट नाही. सोफा चालेल, सेटी नाही. श्रीमंताला रिच म्हणायचं, वेल्दी म्हटलं की गेलात. माणूस मेला तर डाइड, "पास्ड ऑन" नाही. आणि बाइक किंवा बायसिकल यू पण ‘सायकल’ नॉन-यू, म्हणजे आपलं पुणं एके काळी अख्खंच्या अख्खं नॉन-यू होतं म्हणायचं.

यादी पाठ करू नका, त्यातला कल बघा. आपल्याला वाटतं की शब्द जितका गुळगुळीत तितका माणूस वरचा, आणि इथं नेमकं उलटं झालंय. वरच्या वर्गाचे शब्द रोखठोक आणि मधल्या वर्गाचे जरा पावडर लावलेले. का, तर ज्याच्याकडे पाच पिढ्यांची जमीन आहे त्याला समोरचा काय म्हणेल याची धास्ती नसते, तो सरळ "व्हॉट?" म्हणतो, आणि खाणीत काम करणाऱ्यालाही ती धास्ती नसते, तो "यू व्हॉट?" म्हणतो, दोघांचं जवळजवळ सारखंच. धास्ती मधल्याला, कारकून, दुकानदार, छोटा मॅनेजर, ज्याला वरची पायरी दिसत असते आणि खालची नुकतीच सुटलेली असते. तो पार्डन म्हणतो, सर्व्हिएट म्हणतो. म्हणजे हे शब्द असभ्य म्हणून खालचे ठरले असं नाही, ते फार सभ्य व्हायला गेले म्हणून ठरले. मला विचाराल तर यात शहाणपण काही नाही, नुसता खवटपणा आहे. महायुद्धानंतर कर वाढले, मोठमोठे वाडे विकायला निघाले, आणि ज्यांच्या हातात दाखवायला फार काही राहिलं नाही त्यांनी शब्द घट्ट धरून ठेवले.

आणि सुनेनं न सांगितलेलं अर्धं असं की याला आता सत्तर वर्षं झालीत. आज तिथली तरुण मंडळी ऐकू आलं नाही की "सॉरी?" म्हणतात, ते कुठल्याच वर्गाचं नाही, बिनधास्त वापरा. पार्डन म्हटलंत तरी कुणी चहाचा कप काढून घेत नाही. शिवाय तुमचं बोलणं ऐकून त्या बाईंना आधी कळलं असणार की या भारतातल्या, त्यांच्या जिन्यावर तुमची पायरी शोधायला त्या बसल्याच नसतील. सिस्टरना दोष देऊ नका, त्यांनी शिकवलं ते त्या काळातल्या मध्यमवर्गाचं चांगलं वळण होतं, तेच जहाजात बसून इकडे आलं.

लीड्सला एमएस्सी करतोय. घरमालकीण म्हणाली, "कम डाउन फॉर युअर टी अ‍ॅट हाफ फाइव्ह." मी आधी मॅगी खाऊन गेलो, म्हटलं चहा-बिस्किट असेल, तर टेबलावर मटण, बटाटे, वाटाणे, ग्रेव्ही. तिला वाटलं मला जेवण आवडलं नाही. ही काय भानगड?
— नाशिकचा एक विद्यार्थी

अरे, उत्तर इंग्लंडात टी म्हणजे संध्याकाळचं जेवण, चहा त्यात असेल किंवा नसेलही. आणि डिनर म्हणजे दुपारचं. म्हणून तर शाळेत दुपारी वाढणाऱ्या बायकांना अजूनही "डिनर लेडीज" म्हणतात. दक्षिणेकडे, लंडनच्या आसपासच्या मध्यमवर्गात, दुपारी लंच आणि रात्री डिनर, जे आपल्याकडे आलं. आणि वरच्या घरांमध्ये रात्री घरच्या घरी साधं खाल्लं की ते "सपर", डिनर म्हणजे पाहुणे बोलावून, नीट ताटं मांडून. म्हणजे "कम फॉर सपर" म्हणणारा माणूस साधेपणा दाखवतोय असं आपल्याला वाटतं पण तिथला माणूस ऐकून म्हणतो, ओहो, सपर काय!

मूळ गोष्ट घड्याळाची आहे. पूर्वी सगळ्यांचंच मोठं जेवण दुपारी व्हायचं आणि त्यालाच डिनर म्हणायचे. पुढं श्रीमंतांचं डिनर सरकत सरकत रात्रीवर गेलं कारण त्यांना मेणबत्त्या जाळणं परवडत होतं आणि सकाळी लवकर कामावरही जायचं नव्हतं. मधे पोटात कावळे ओरडायला लागले म्हणून 1840 च्या दशकात चारच्या सुमाराला चहा-केक खायची पद्धत आली, तिचं श्रेय बेडफर्डच्या डचेसबाईंना देतात. कामकऱ्यांचं डिनर मात्र दुपारीच राहिलं आणि संध्याकाळी कारखान्यातून आल्या आल्या चहाबरोबर मांस-पाव-बटाटे असं पोटभर खाणं, ते त्यांचं टी, किंवा हाय टी.

आता गंमत बघ, आपल्याकडे कार्यक्रमाच्या पत्रिकेत खाली "कार्यक्रमानंतर हाय टी" असं झोकात छापतात, हॉटेलवाले त्याचे वेगळे पैसे लावतात, आणि तो शब्द मुळात गिरणीकामगाराच्या संध्याकाळच्या जेवणाचा. परळ-लालबागच्या चाळीत संध्याकाळी पाळी सुटल्यावर व्हायचं ते खरं हाय टी म्हण ना. बाकी तू मालकिणीला सांगून टाक की आमच्याकडे टी म्हणजे खरंच चहा, हसेल ती.

बहिणीकडे नॉटिंगहॅमला गेले होते, बसचा ड्रायव्हर मला "मी डक" म्हणाला, भाजीवाला "लव्ह" म्हणाला. माझं वय 58. रागवायचं का?
— कोल्हापूर

छे हो! नॉटिंगहॅम, डर्बी, स्टोक या पट्ट्यात डक, न्यूकॅसलला पेट, ग्लासगोत बाईला हेन म्हणजे कोंबडी, ब्रिस्टलकडे तर "माय लव्हर" सुद्धा म्हणतात आणि त्यात काहीच नसतं. तुमच्याकडे अनोळखी माणसाला "भावा" म्हणतात तसंच समजा. मात्र हे बसमधे, बाजारात, दवाखान्याच्या रिसेप्शनवर, बँकेचा मॅनेजर म्हणणार नाही, आणि ऑफिसात साहेबानं हाताखालच्या मुलीला "लव्ह" म्हटलं तर आता तक्रार होऊ शकते. आपण उलटून म्हणायला जाऊ नये, ते त्यांच्या तोंडीच बरं दिसतं. उतरताना "थँक यू" म्हणा, ब्रिस्टलमधे असाल तर "चिअर्स ड्राइव्ह" ऐकू येईल, म्हणजे ड्रायव्हरला थँक्स.

इंग्रजीत तू-तुम्ही-आपण नाही, सगळ्यांना यू, मग आदर दाखवतात तरी कसा? आणि दुसरं, भाऊ लेस्टरला असतो, त्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा सर्जनला सगळे "मिस्टर" म्हणत होते, मी आपली "डॉक्टर, डॉक्टर" करत होते. चुकलं का?
— निवृत्त शिक्षिका, लातूर

दुसरं आधी घेते. तिथं फिजिशियन डॉक्टर पण सर्जन मिस्टर, मिस किंवा मिसेस. कारण जुनं आहे. पूर्वी फिजिशियन विद्यापीठात शिकून डॉक्टर व्हायचे आणि चिरफाड करणारे न्हाव्यांच्या जोडीनं उमेदवारी करून शिकायचे, 1540 पासून 1745 पर्यंत लंडनमधे न्हावी आणि सर्जन यांची कंपनीच एक होती. नंतर सर्जन वेगळे झाले, 1800 साली त्यांचं रॉयल कॉलेज झालं, मान वाढला, पण मिस्टर त्यांनी सोडलं नाही, उलट अभिमानानं मिरवलं. आता एमबीबीएस होऊन डॉक्टर म्हणवून घेणारी पोरं रॉयल कॉलेजची परीक्षा पास झाली की परत मिस्टर होतात आणि ती बढती असते! तुमच्या "डॉक्टर"चं त्यांना काही वाटलं नसेल, रोज ऐकतात ते.

आता पहिलं. मॅडम, इंग्रजीत तू होतं. "दाऊ" म्हणजे तू आणि "यू" म्हणजे तुम्ही. 1603 साली वॉल्टर रॅले या दरबारी दर्यावर्दीवर राजद्रोहाचा खटला चालला तेव्हा सरकारी वकील एडवर्ड कोकनं भर कोर्टात त्याला मुद्दाम दाऊ म्हणून हिणवलं होतं, अरेतुरे केलं म्हणा ना. पुढं क्वेकर पंथाचे लोक निघाले, ते म्हणायचे देवापुढं सगळे सारखे म्हणून आम्ही न्यायाधीशालाही दाऊच म्हणणार, आणि त्यापायी त्यांना शिव्या आणि मार दोन्ही मिळाले. हळूहळू शहरी माणसानं वाद नको म्हणून सगळ्यांनाच तुम्ही म्हणायला सुरुवात केली आणि तू मागं पडलं. राहिलं ते यॉर्कशरसारख्या भागात म्हाताऱ्यांच्या तोंडी, शेफील्डच्या लोकांना तर शेजारच्या गावचे त्यांच्या दी-दा (ही दाऊचीच रूपं) करण्यावरून "डी-डाज" असं चिडवतात. आणि राहिलं प्रार्थनेत. त्यामुळे आज इंग्रज पोरांना वाटतं दाऊ हा फार आदराचा शब्द आहे, आपण मात्र विठोबाला अरे-तुरे करणारे लोक, आपल्याला ते लगेच कळतं.

मग आदर गेला कुठं, तर क्रियापदात आणि लांबीत. "गिव्ह मी" हे तू, "कॅन यू गिव्ह मी" हे जवळच्याला तुम्ही, "कुड यू पॉसिब्ली" हे नीट तुम्ही, आणि "आय वॉज वंडरिंग इफ यू माइट" हे थेट आपण. काम आजचं असतं पण भूतकाळात बोलायचं, म्हणजे जरा लांब उभं राहून मागितल्यासारखं. आपली माणसं इथं अडकतात कारण मराठीत "द्या" यातल्या त्या एका काना-मात्रेत आदर आलेला असतो, प्लीजची गरजच पडत नाही, तेच "गिव्ह मी टू कॉफी" असं उतरतं आणि काउंटरवरची मुलगी दुखावते. वर्गाबिर्गाचं सोडा, प्लीज आणि "कुड आय हॅव" एवढं मात्र नक्की सांभाळा, इथं परदेशी म्हणून सूट मिळत नाही.

हिंजवडीत टीम लीड आहे, क्लायंट मँचेस्टरचा. मी चॅटवर "ओके." लिहिलं तर माझ्याच टीममधली 24 वर्षांची मुलगी म्हणते सर तुम्ही चिडलात का. क्लायंटला "काइंडली डू द नीडफुल" लिहिलं तर तिकडून हसरी इमोजी. नक्की काय चुकतंय?

चुकत काही नाहीये, तुमचं वय दिसतंय. चॅटवर पूर्णविराम हा आता विराम राहिलेला नाही, मेसेज संपला हे बटण दाबलं की कळतंच, मग वर टिंब कशाला दिलं, तर रागानं, असं तरुण वाचतात. 2015 मधे न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी विद्यार्थ्यांना मेसेज वाचायला दिले तेव्हा शेवटी टिंब असलेलं एका शब्दाचं उत्तर त्यांना कमी मनापासूनचं वाटलं, आणि तेच कागदावर हातानं लिहून दिलं तर फरक पडला नाही. अंगठ्याच्या इमोजीचंही तसंच, चाळिशीच्या पुढं तो "ठीक, पोचलं", पंचविशीत तो "बरं, कळलं, पुरे". त्या मुलीला तुम्ही "ओके, थँक्स" लिहा, टिंब गाळा, झालं.

"डू द नीडफुल" वेगळं. ते आपण घडवलेलं नाही, साहेबांच्या कचेऱ्यांमधून आलेलं जुनं इंग्रजी आहे, तिकडे ते मागं पडलं आणि आपल्याकडे तहसील कचेरीपासून आयटीपर्यंत टिकून राहिलं. म्हणून मँचेस्टरच्या माणसाला ते वाचून पणजोबांच्या पत्राचा वास येतो. "काइंडली" मधे आपल्याला विनंती ऐकू येते, त्यांना वरून आलेला हुकूम, शिवाय फसवणुकीच्या ईमेलमधे हा शब्द इतका वापरतात की सावध माणूस तो बघूनच दचकतो. "रिव्हर्ट" म्हणजे उत्तर द्या हे आपल्याकडे आणि सिंगापूर-मलेशियाकडे चालतं, तिकडे त्याचा अर्थ पूर्वपदावर जाणं, तेव्हा "प्लीज रिव्हर्ट" वाचून तो विचार करतो की कशावर जाऊ परत?

आणि मेलच्या शेवटी शाळेतलं "युअर्स फेथफुली" नको, ते नाव माहीत नसलेल्या माणसाच्या औपचारिक पत्राला. रोजच्या मेलला "काइंड रिगार्ड्स" ठीक, ओळख वाढली की "बेस्ट विशेस", मैत्री झाली की "चिअर्स". नुसतं "रिगार्ड्स" अनेकांना थंड वाटतं. मात्र तो हाय म्हणेपर्यंत तुम्ही डिअर म्हणत राहा, मागं राहण्यात धोका कमी. (आणि हो, "प्रीपोन" सोडू नका, तो शब्द कामाचा आहे, त्यांनीच शिकावा.)

अमेरिकेत असलं काही नाही ना? मुलगा न्यू जर्सीला जातोय. — ठाणे

आहे की. 1962 साली विल्यम लबोव्ह हा भाषेचा अभ्यासक न्यूयॉर्कमधल्या तीन दुकानांत गेला, एक महागडं सॅक्स, एक मधलं मेसीज, एक स्वस्तातलं क्लाइन. तिथल्या सेल्समनना तो अशा वस्तूचा पत्ता विचारायचा जी चौथ्या मजल्यावर आहे, म्हणजे समोरचा "फोर्थ फ्लोअर" म्हणणारच, मग ऐकू न आल्यासारखं करून "एक्स्क्यूज मी?" करायचा की तो पुन्हा जरा सावरून म्हणणार. फोर्थमधला आणि फ्लोअरमधला र ऐकायचा, बस. न्यूयॉर्कात र उच्चारणं तेव्हा वरचं समजलं जात होतं. सॅक्समधे 62 टक्के लोकांनी र कुठं ना कुठं उच्चारला, मेसीजमधे 51, क्लाइनमधे 20. गिऱ्हाईक जसं तसा विकणाऱ्याचा र! आणि शहरातल्या घरांमधून त्यानं जो मोठा अभ्यास केला त्यात तर निम्न-मध्यमवर्ग जपून वाचताना उच्च-मध्यमवर्गापेक्षाही जास्त र लावताना सापडला. कोथरूडच्या आजींचं पार्डन आठवा, मधल्या पायरीवरच्यांचीच गडबड इथंही.

आम्ही मडगावचे. भाऊ-वहिनी पोर्तुगीज पासपोर्टावर इंग्लंडात स्विंडनला गेले, पुतणे तिथंच वाढले. घरात कोंकणी, पण मित्रांशी "इनिट", "ब्रव्ह", "वॅगवॉन". भावाला वाटतं पोरं वाया गेली, त्यांना चांगलं बीबीसीचं इंग्रजी शिकवावं. तुमचं मत?

भावाला सांगा की बीबीसीचं ते इंग्रजी आता बीबीसीवरही फारसं राहिलेलं नाही. दुसऱ्या महायुद्धात विल्फ्रेड पिकल्स नावाच्या यॉर्कशरच्या माणसाला बातम्या वाचायला बसवलं, तो शेवटी उत्तरेकडच्यांना त्यांच्याच उच्चारात गुड नाइट म्हणायचा, तेव्हा लोकांनी नाकं मुरडली होती, आज मुलखाच्या उच्चारात बातम्या देणं नेहमीचं झालंय.

ती मुलं बोलतायत त्याला अभ्यासक लंडनचं बहुसांस्कृतिक इंग्रजी म्हणतात, वॅगवॉन म्हणजे काय चाललंय, ते जमैकाचं, ब्रव्ह म्हणजे ब्रदरचंच, इनिट म्हणजे इझन्ट इट, आणि ते बोलण्यात गोरी, काळी, बांगलादेशी, आता गोंयकार, सगळी पोरं आली. हे जितकं वर्गाचं आहे तितकंच वयाचं आहे. सोळाव्या वर्षी ब्रव्ह म्हणणारा मुलगा नोकरीच्या मुलाखतीला तेच म्हणेल असं नाही, त्याला दोन्ही येतं, वहिनींनी एकदा त्याला शिक्षकांशी फोनवर बोलताना ऐकावं. ज्याला फक्त ब्रव्हच येतं त्याची काळजी करायची. तिथं नोकरी देणारे उच्चारावरून माणूस जोखतात, हे खोटं नाही.

पण शब्द वरूनच खाली येतात हा भावाचा समज मात्र काढून टाका. उच्चारांचे अभ्यासक जोनाथन हॅरिंग्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी राणी एलिझाबेथची 1950 च्या दशकातली आणि 1980 च्या दशकातली नाताळची भाषणं घेऊन स्वर मोजले, 2000 साली ‘नेचर’मधे ते छापून आलं. तर बाईंचे स्वर तीस वर्षांत हळूच सरकलेले, दक्षिण इंग्लंडातल्या तरुण आणि सामान्य लोकांच्या दिशेनं. राणीच जर प्रजेसारखी बोलायला लागते तर पुतण्यांनी कुणासारखं बोलायचं ते त्यांचं त्यांना ठरवू दे. घरातली कोंकणी तेवढी सुटू देऊ नका म्हणावं.

ताई एकच विचारते, पुढच्या आठवड्यात विमान आहे. तिथं नक्की म्हणायचं काय, टॉयलेट, लू, बाथरूम का वॉशरूम? — सांगली

कुणाच्या घरी असाल तर "मे आय यूज युअर लू?", स्टेशनवर, दुकानात सरळ टॉयलेट, पाटीवरही तेच असतं. बाथरूम आणि वॉशरूम अमेरिका-कॅनडाकडचं, कळतं सगळ्यांना, पण घरी बाथरूम विचारलंत तर एखादी म्हातारी खरंच टॉवेल आणून देईल. मिटफर्डबाईंची यादी घरी ठेवून जा आणि सुटी नाणी जवळ ठेवा, काही ठिकाणी अजून पैसे पडतात.